कसणाऱ्याच्या नावाचा सातबारा

टीव्हीवर इस्रायल-पॅलेस्टाईनची बातमी लागली की घरात कुणीतरी विचारतंच, हे भांडण आहे तरी कशाचं? धर्माचं, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मला मात्र त्यात आपल्या बीड जिल्ह्यातला बांध दिसतो. मुळात भांडण जमिनीचं आहे.

तिथली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेत कसत होती. तुर्कांच्या राज्यात 1858 च्या कायद्यानं जमिनीची नोंद सुरू झाली. कराच्या नि सैन्यभरतीच्या धास्तीनं अनेकांनी स्वतःचं नाव लावलंच नाही. कागदावर नाव आलं ते शहरातल्या धनवानांचं. पुढं 1920 नंतर त्यातल्या काहींनी जमिनी ज्यू संस्थांना विकल्या आणि कसणारी कुळं उठली. येणारेही सुखासुखी आले नव्हते. युरोपात त्यांचा छळ चालला होता, कित्येक ठिकाणी शतकानुशतकं त्यांना जमीन धरायलाच बंदी होती. विकत घेतलेली जमीन तशी थोडीच. खरी उलथापालथ झाली 1948 च्या लढाईत. इस्रायल देश उभा राहिला आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांना परत येऊ दिलं नाही. दोघांचंही म्हणणं एकच, ही भुई आमची.

त्याच 1948 साली सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. राज्य बदललं, पण गावात ज्यांच्या नावे वीतभरही जमीन नव्हती, त्यांच्या नावे ती नव्हतीच. या माणसांसाठी उभं आयुष्य झिजवणाऱ्या एका मोठ्या माणसाची ओळख मला आज करून द्यायची आहे. ते म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

भाऊराव कृष्णराव गायकवाड हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांना सगळीकडं धावावं लागे. नाशिकात ती लढाई रोजच्या रोज सांभाळली दादासाहेबांनी. बाबासाहेब त्यांना वरचेवर पत्रं लिहीत. ती पत्रं दादासाहेबांनी जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात.

काही वर्षं लढूनही देवळाचं दार उघडलं नाही, तेव्हा बाबासाहेबांनी तो सत्याग्रह थांबवला. 1937 मध्ये दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. 1957 मध्ये ते नाशिकमधून लोकसभेत गेले आणि 1962 पासून 1968 पर्यंत राज्यसभेत होते. पण दिल्लीत बसूनही हा माणूस धोतरातच राहिला, आणि त्यांच्या डोक्यातला प्रश्नही गावाकडचाच राहिला. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारा ताठ मानेनं बोलणार कसा? पाटलानं उद्या कामाला येऊ नको म्हटलं, तर चूल पेटायची कशी?

त्यांची मागणी साधी होती. सरकारच्या पडीक जमिनी भूमिहीनांना कसायला द्या, नि जे कसताहेत त्यांच्या नावे करा. 1959 मध्ये खानदेशात, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. घरच्याच काही शिकलेल्या पुढाऱ्यांना हा मार्ग पटला नाही. रिपब्लिकन पक्षात फूट पडली. दादासाहेबांना हा घाव मोठा होता, पण जमिनीचा प्रश्न त्यांनी खाली ठेवला नाही.

1 ऑक्टोबर 1964 ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचं निवेदन दिलं गेलं आणि 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेली, असं सांगतात. यात बायका मागं नव्हत्या बरं का! नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या कार्यकर्त्या पुढं होत्या, आणि कडेवर लेकरू घेऊन साध्या मजूर बायका तुरुंगात गेल्या. बाबासाहेबांचं चित्र संसदेत लावा, हीही त्या निवेदनातली एक मागणी होती. ते चित्र लागायला 1990 साल उजाडलं. 29 डिसेंबर 1971 ला दादासाहेब गेले, ते ही गोष्ट बघायला नव्हते.

आपल्याकडं ही लढाई गायरानावर झाली. भूमिहीनांनी गायरानातले दगड वेचले, तिथं बाजरी पेरली. गावातल्या दुसऱ्यांचं म्हणणं, मग आमची ढोरं चारायची कुठं? हेही खोटं नव्हतं. पण या वादात कितीतरी ठिकाणी उभी पिकं मोडली गेली, माणसांवर बहिष्कार पडले. अशीच गायरान कसणारी एक मावशी मला भेटली होती. तिनं पत्र्याच्या पेटीतून जुन्या पावत्या काढून दाखवल्या. अतिक्रमण केलं म्हणून भरलेल्या दंडाच्या पावत्या! मला नवल वाटलं. मावशी म्हणाली की याच तर आमचा पुरावा. खरंच होतं ते. 28 नोव्हेंबर 1991 च्या सरकारी निर्णयानं 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं आणि जुना ताबा दाखवायला हेच कागद कामी आले. तरीही कित्येकांची नावं लागायची राहूनच गेली.

सरकारनं 2004 मध्ये दादासाहेबांच्या नावे सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. अनुसूचित जाती नि नवबौद्धांतल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ती योजना. त्यात विधवा आणि परित्यक्ता बहिणींना आधी प्राधान्य आहे. अडचण एवढीच, की सरकारी भावात जमीन विकायला माणूस सापडत नाही.

आता आपल्या घरात डोकावू या. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कामाला दोघं लागतात. मग सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव का? शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि 1992 मध्ये सरकारनंही निर्णय काढला, की नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. अर्ज तलाठ्याकडं द्यायचा. पण किती घरांत हा अर्ज गेला?

राबणं म्हणजे मालकी नव्हे, हे पॅलेस्टाईनच्या कुळांना जमीन गेल्यावर कळलं. दादासाहेबांनी ते आपल्या लोकांना आधीच सांगितलं आणि कागदावरच्या नावासाठी तुरुंगात जायला शिकवलं. आपल्याला तर फक्त तलाठी कार्यालयापर्यंत जायचं आहे. तेव्हा या आठवड्यात घरातला सातबारा काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते एकदा नीट वाचा. तुमचं नसेल, तर घरात विषय काढा. भांडू नका, पण सोडूही नका.