नाझिया हसन

नाझिया हसन (३ एप्रिल १९६५, कराची – १३ ऑगस्ट २०००, लंडन) या पाकिस्तानी पॉप गायिका होत्या. कुर्बानी (१९८०) या हिंदी चित्रपटातील ‘आप जैसा कोई’ या गीतामुळे वयाच्या पंधराव्या वर्षी त्या भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांत प्रसिद्धीस आल्या. या गीतासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी कलावंत होत. धाकटे बंधू झोहेब हसन यांच्यासह १९८१ ते १९९२ या काळात त्यांनी पाच अल्बम केले. त्यांपैकी डिस्को दीवाने (१९८१) हा दक्षिण आशियातील चित्रपटबाह्य लोकप्रिय संगीताचा आरंभबिंदू मानला जातो. गायन हा मात्र त्यांनी कधीही पूर्णवेळ व्यवसाय केला नाही. कायद्याचे शिक्षण आणि समाजकार्य यांना त्यांनी तितकेच, आणि पुढे अधिक, महत्त्व दिले.

प्रारंभिक जीवन

नाझिया यांचा जन्म कराचीतील एका सुस्थित कुटुंबात झाला. वडील बसीर हसन हे उद्योजक, तर आई मुनीझा बसीर या समाजकार्यात सक्रिय होत्या. भाऊ झोहेब आणि बहीण झारा ही त्यांची धाकटी भावंडे. कुटुंबाचे वास्तव्य कराची आणि लंडन अशा दोन्ही ठिकाणी असल्याने मुलांवर उर्दू गझल, हिंदी चित्रपटसंगीत आणि इंग्लंडमधील पॉप संगीत यांचे संस्कार एकाच वेळी झाले. १९७०च्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजनवर संगीतकार सोहेल राणा मुलांसाठी ‘संग संग चलें’ हा कार्यक्रम करीत असत. त्यात नाझिया व झोहेब बालकलाकार म्हणून गात. शास्त्रीय संगीताची दीर्घ तालीम त्यांनी घेतलेली नव्हती. ही गोष्ट पुढे त्यांच्या गाण्याची मर्यादाही ठरली आणि वेगळेपणही.

‘आप जैसा कोई’

अभिनेते, निर्माते व दिग्दर्शक फिरोज खान यांची नाझियांशी लंडनमधील एका मेजवानीत भेट झाली. कुर्बानी या आपल्या आगामी चित्रपटासाठी ते तेव्हा नव्या धर्तीच्या एका गाण्याच्या शोधात होते. नाझियांचा आवाज ऐकून त्यांनी तिची संगीतकार बिद्दू यांच्याकडे चाचणी घडवून आणली. ती तेव्हा लंडनमध्ये शिकणारी शाळकरी मुलगी होती.

बिद्दू अप्पय्या मूळचे बंगळूरचे. १९६०च्या दशकात ते इंग्लंडला गेले आणि तेथे ध्वनिमुद्रिकांचे निर्माते म्हणून नावारूपास आले. कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) आणि टीना चार्ल्स यांचे ‘आय लव्ह टू लव्ह’ (१९७६) ही त्यांची निर्मिती असलेली दोन्ही गीते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. डोना समर आणि ग्लोरिया गेनर यांच्यासारख्या अमेरिकन गायिकांनी ज्या संगीताला जगभर नेले, त्या डिस्को संगीताची घडण बिद्दू यांना आतून ठाऊक होती. प्रत्येक मात्रेवर पडणारा ढोलाचा समान ठोका, पुढे पुढे सरकणारे बेस गिटार आणि या दोन्हींवर अलगद तरंगणारा स्त्रीचा आवाज अशी ही घडण आहे.

कुर्बानीचे उर्वरित संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते. हे एकच गीत बिद्दू यांनी स्वतंत्रपणे लंडनमध्ये तयार केले. शब्द इंदीवर यांचे होते. त्या काळी मुंबईत गायक आणि वादकवृंद प्रायः एकाच दालनात, एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. लंडनमध्ये मात्र प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर मुद्रित करून नंतर त्यांचा मेळ घालण्याचे तंत्र रूढ झाले होते. नाझियांचा आवाज कोवळा, बारीक आणि किंचित नाकातला होता. बिद्दू यांनी तोच आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक ठेवला. त्यामुळे त्याला एक तकाकी आणि दुरून आल्यासारखा भास प्राप्त झाला. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या गायनावर वाढलेल्या श्रोत्यांना हा आवाज अनोळखी होता. त्यात ना मुरक्या होत्या, ना भावनेचा चढउतार. ठेक्यावर तोल सांभाळणारी एक प्रकारची बेफिकिरी मात्र त्यात होती, आणि तरुण श्रोत्यांना नेमकी तीच भावली.

पडद्यावर हे गीत झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले. जून १९८०मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि गाणे अल्पावधीत सर्वतोमुखी झाले. अमेरिकेत याच सुमारास डिस्कोला ओहोटी लागली होती. जुलै १९७९मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटकांनी उडवून देण्यात आला होता. दक्षिण आशियात मात्र या संगीताची लाट उसळू लागली होती.

१९८१च्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा मान नाझियांना मिळाला. या गटातील त्या आजवरच्या सर्वांत लहान वयाच्या विजेत्या मानल्या जातात. या निवडीला एक पार्श्वभूमीही होती. लता मंगेशकर यांनी १९७०च्या सुमारास आणि आशा भोसले यांनी १९७९च्या पुरस्कारानंतर आपले नाव स्पर्धेसाठी विचारात घेऊ नये असे कळवले होते. त्यामुळे पुढील काही वर्षे वाणी जयराम, नाझिया हसन, परवीन सुलताना आणि सलमा आगा अशी एकमेकींहून सर्वस्वी भिन्न गायकीची नावे या यादीत क्रमाने आली. तरीही नाझियांचा पुरस्कार केवळ रिकाम्या जागेमुळे मिळाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्या वर्षी त्या गाण्याइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या गाण्याची झाली असेल.

डिस्को दीवाने

कुर्बानीच्या यशानंतर बिद्दू यांनी नाझिया व झोहेब या भावंडांना घेऊन चित्रपटाशी संबंध नसलेला अल्बम करण्याचे ठरवले. तोपर्यंत भारतात लोकप्रिय गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे हे समीकरण जवळजवळ पक्के होते. गझल, भक्तिगीते आणि भावगीते यांचा अपवाद सोडला, तर नायक-नायिका आणि कथानक यांच्या आधाराशिवाय गाणे विकले जाईल यावर ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा विश्वास नव्हता. डिस्को दीवाने १९८१मध्ये भारतात एचएमव्हीने आणि पाकिस्तानात ईएमआयने प्रकाशित केला. मुखपृष्ठावर कोणी चित्रपटतारका नव्हती, तर गाणारी भावंडेच होती. श्रोत्याने गायिकेला तिच्याच चेहऱ्याने ओळखावे ही कल्पना पार्श्वगायनाच्या परंपरेत नवी होती.

अल्बमला दोन्ही देशांत प्रचंड प्रतिसाद मिळाला. दक्षिण आशियाबाहेरही, थेट ब्राझीलपर्यंत, तो ऐकला गेला. शीर्षकगीताची ‘ड्रीमर दीवाने’ ही इंग्रजी आवृत्ती १९८३मध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशित झाली. अल्बममध्ये नाचाच्या गाण्यांबरोबर संथ, उदास वळणाची गाणीही होती. झोहेब यांनी गायनाबरोबरच काही गीतांच्या रचनेतही वाटा उचलला. भारतीय चित्रपटांतील डिस्कोची चर्चा करताना बप्पी लाहिरी यांच्या डिस्को डान्सर (१९८२) या चित्रपटाचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. नाझियांचा अल्बम त्याच्या आधीचा आहे, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

पुढील अल्बम

१९८२मध्ये विनोद पांडे दिग्दर्शित स्टार हा चित्रपट आला. कुमार गौरव आणि रती अग्निहोत्री यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. नाझिया व झोहेब यांनाही अभिनयासाठी विचारणा झाली होती. त्यांनी ती नाकारली आणि केवळ गायन केले. चित्रपट अयशस्वी ठरला. त्याची गाणी बूम बूम या नावाच्या अल्बममधून आली आणि ती चित्रपटापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली. शीर्षकगीतासाठी नाझियांना पुन्हा फिल्मफेअरचे नामांकन मिळाले.

यंग तरंग (१९८४) या अल्बमसोबत दृश्यफिती तयार करण्यात आल्या. पाकिस्तानी पॉप संगीतात हा प्रयोग प्रथमच होत होता. ‘आंखें मिलाने वाले’ हे त्यातील सर्वाधिक गाजलेले गीत. त्यानंतर १९८७मध्ये हॉटलाइन प्रकाशित झाला. या काळात नाझियांचे शिक्षण चालूच होते आणि दोन अल्बममधील अंतर वाढत जाण्याचे तेही एक कारण होते.

पाकिस्तानातील परिस्थिती

नाझियांची कारकीर्द बहरली तो काळ पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांच्या लष्करी राजवटीचा (१९७७–१९८८) होता. सरकारी दूरचित्रवाणीवरील निवेदिकांना डोके झाकण्याचा आदेश देण्यात आला होता. नर्तिका नाहिद सिद्दीकी यांचा कथकवरील पायल हा कार्यक्रम बंद पाडण्यात आला होता. सार्वजनिक जीवनात स्त्रीने नाचणे-गाणे याकडे संशयाने पाहिले जात असताना, उघड्या केसांनी आधुनिक पोशाखात ठेक्यावर गाणारी तरुणी देशातील सर्वांत लोकप्रिय गायिका झाली होती. तिची गाणी मोठ्या प्रमाणावर कॅसेटच्या माध्यमातून पसरली. सरकारी प्रसारण आवरता आले तरी घरोघरचे कॅसेट प्लेअर आवरणे कोणालाच शक्य नव्हते. नाझियांनी या काळात राजकीय भूमिका घेतली नाही. त्यांचे वागणे-बोलणे सौम्य आणि मर्यादशील होते. सनातनी घरांतूनही त्यांना फारसा विरोध झाला नाही याचे श्रेय काही अंशी या प्रतिमेला द्यावे लागेल.

ऑगस्ट १९८८मध्ये विमान अपघातात झिया उल हक यांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. बदललेल्या वातावरणात निर्माते शोएब मन्सूर यांनी ‘म्युझिक ८९’ हा संपूर्णपणे पॉप संगीताला वाहिलेला कार्यक्रम पाकिस्तान टेलिव्हिजनवर सादर केला. त्याचे सूत्रसंचालन नाझिया व झोहेब यांनी केले. धार्मिक गटांनी कार्यक्रमावर कडाडून टीका केली. व्हायटल साइन्स यांसारख्या तरुण वाद्यवृंदांना मात्र त्यातून देशव्यापी श्रोतृवर्ग लाभला. १९९०च्या दशकातील पाकिस्तानी पॉप संगीताची पिढी या कार्यक्रमापासून मोजली जाते.

शिक्षण, समाजकार्य आणि गायनातून निवृत्ती

नाझियांनी लंडनमधील रिचमंड या अमेरिकन विद्यापीठातून व्यवसाय प्रशासन व अर्थशास्त्र या विषयांत पदवी घेतली आणि नंतर लंडन विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्या न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघात काम करीत होत्या. पाकिस्तानातील तरुणांमध्ये, विशेषतः कराचीत, अफगाण युद्धाच्या काळात हेरॉइनचे व्यसन झपाट्याने पसरले होते. त्याविरुद्ध जागृती करणाऱ्या ‘बॅन’ या संघटनेत नाझिया व झोहेब यांनी काम केले. कॅमेरा कॅमेरा (१९९२) हा त्यांचा अखेरचा अल्बमही व्यसनविरोधी मोहिमेशी जोडलेला होता. आधीच्या अल्बमइतके यश त्याला लाभले नाही. त्यानंतर नाझियांनी व्यावसायिक गायन थांबवले. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस होते.

‘मेड इन इंडिया’ हे गीत बिद्दू यांनी मुळात नाझियांसाठी योजले होते असे सांगितले जाते. पाकिस्तानी गायिकेने ते गायल्यास मायदेशातील लोक दुखावतील, या विचाराने त्यांनी नकार दिला. पुढे १९९५मध्ये अलिशा चिनॉय यांनी ते गायले आणि भारतातील ‘इंडीपॉप’च्या लाटेचे ते सर्वांत ठळक गाणे ठरले. ज्या वाटेवर पहिले पाऊल नाझियांनी टाकले होते, त्या वाटेवर गर्दी झाली तेव्हा त्या स्वतः तेथे नव्हत्या.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९९५मध्ये कराचीत नाझियांचा विवाह झाला आणि १९९७मध्ये त्यांना पुत्र झाला. याच वर्षांत त्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. लंडनमध्ये त्यांच्यावर उपचार चालू होते. १३ ऑगस्ट २००० रोजी उत्तर लंडनमधील एका शुश्रूषागृहात, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनमधील हेंडन दफनभूमीत त्यांचा दफनविधी करण्यात आला. बहिणीच्या मृत्यूनंतर झोहेब हसन दीर्घकाळ संगीतापासून दूर राहिले.

मरणोत्तर सन्मान आणि प्रभाव

पाकिस्तान सरकारने २००२मध्ये नाझियांना ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान मरणोत्तर जाहीर केला. २३ मार्च रोजी इस्लामाबाद येथे त्यांच्या आईने तो स्वीकारला. पुढील वर्षी कुटुंबीयांनी त्यांच्या नावे समाजकार्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. ३ एप्रिल २०१८ रोजी, त्यांच्या त्रेपन्नाव्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले.

करण जोहर दिग्दर्शित स्टुडंट ऑफ द इयर (२०१२) या चित्रपटात ‘डिस्को दीवाने’चा आधार घेऊन विशाल-शेखर यांनी नवे गीत रचले. त्यात सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्याबरोबर नाझियांचा मूळ आवाजही वापरलेला असून श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. ‘आप जैसा कोई’ची नवी आवृत्ती २०२२मध्ये ॲन ॲक्शन हिरो या चित्रपटात आली. तीत मात्र गायिका दुसरी आहे.