भातखंड्यांची वकिली

स्नेहमेळाव्यात गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास हिशेब काढतं: कोण काय शिकलं आणि शेवटी काय करत बसलं. कॉलेजची ती चार-पाच वर्षं फुकट गेली, असं हळहळून म्हणणारेही आपल्यात आहेत. मला अशा वेळी पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात.

जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. १८८५ साली बी.ए., १८८७ साली एलएल.बी. काही काळ कराचीत आणि मग मुंबईत त्यांनी वकिली केली. सतार आणि गाणं विद्यार्थिदशेपासून सोबत होतंच. पुढे पत्नी गेली, पाठोपाठ मुलगीही. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी वकिली सोडली आणि गाण्यालाच वाहून घेतलं.

पण सोडली म्हणजे काय? प्रश्नांची यादी करून हा माणूस गावोगाव गेला. १९०४ साली दक्षिणेत, नंतर कलकत्ता, बनारस, लखनौ. हा राग असाच का गाता, आधार कोणता, ग्रंथात काय आहे, तुमच्या घराण्यात काय आहे? उत्तरं टिपून ठेवायची, एकमेकांशी ताडून बघायची. ही सरळ उलटतपासणीच! कित्येक उस्तादांना ती रुचली नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. चीज ही त्यांची घरची इस्टेट. ती अनोळखी वकिलाच्या वहीत का उतरवावी? तरीही सुमारे १८०० चिजा क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या गेल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार मराठी भाग तर गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतच लिहिलेले आहेत.

दहा थाटांत सगळे राग बसवताना मात्र त्यांच्यातला वकील जरा जास्तच बोलतो, असं मला वाटतं. ललितमध्ये दोन्ही मध्यम, तरी त्याची रवानगी मारवा थाटात! गवयांनी ते कधी मनापासून मानलं नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी मात्र मानलं, कारण त्यांच्या हाती पुस्तक आलं होतं.

१९२६ साली लखनौला संगीताचं कॉलेज निघालं, तिथे रीतसर वर्ग आणि परीक्षा सुरू झाल्या. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे तिथले प्राचार्य झाले. तेही मुंबई विद्यापीठाचे बी.ए.! भातखंडे अखेरची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, ते गेले. लखनौच्या त्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.