सरखेल कान्होजी आंग्रे : दर्या आणि घर

आपलें शिरड शहापूर समुद्रापासून फार दूर. काळ्या मातीच्या या मुलुखांत वाढलेल्या आपल्यांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिला तो वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेस गेले तेव्हांच. मग ज्युबिलीच्या या अंकांत एका दर्यावर्द्याचें चरित्र कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर या पुरुषाच्या आरमारापेक्षां त्याच्या घरांत अधिक सांपडेल.

कान्होजींचें मूळ घराणें संकपाळांचें. आंगरवाडी या गांवावरून आंग्रे हें नांव पडलें. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरींत होते. १६९८ सालीं सिधोजी गुजर वारल्यावर आरमाराचें आधिपत्य कान्होजींकडे आलें व ते सरखेल झाले. तेव्हांपासून मरेपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षें, त्यांनीं दुसरा उद्योग जाणला नाहीं. कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हीं त्यांचीं ठाणीं. मोठ्या गुराबांवर तोफा असत; वारा पडला म्हणजे लहान गलबतें वल्ह्यांच्या जोरावर त्यांना ओढून नेत. शिडांवर विसंबणारीं परक्यांचीं भारी जहाजें अशा वेळीं जागच्या जागीं अडकून पडत. कोंकणच्या किनाऱ्यानें जाणाऱ्या व्यापाऱ्यानें त्यांचा दस्तक घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. इंग्रज त्यांना चांचा म्हणत. परंतु आपल्या पाण्यावर दस्तक मागणारा चांचा, तर पोर्तुगीजही तेंच करीत होते, त्यांना काय म्हणावें?

१७१८ सालीं मुंबईच्या गव्हर्नर बूननें खांदेरीवर चाल केली, ती फसली. १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले. बाजीराव मदतीस धांवले आणि पोर्तुगीजांनीं निराळा तह करून अंग काढून घेतलें. पोर्तुगीज आपल्याच धर्माचे, म्हणून मीं त्यांची कड घ्यावी, असें मला वाटत नाहीं.

एक गोष्ट मात्र झांकून ठेवूं नये. १७१२ सालीं कान्होजींच्या लोकांनीं मुंबईच्या गव्हर्नरची नौका धरली. त्या लढाईंत चाउन नांवाचा इंग्रज मारला गेला. त्याची तरुण पत्नी कॅथरीन गरोदर होती. तिला कुलाब्यांत कैदेंत ठेविलें व पुढील सालीं तीस हजार रुपये खंडणी घेऊन सोडलें. ज्याच्या स्वतःच्या घरीं लेंकरें होतीं, त्यानें विधवेची किंमत ठरवावी, हें मनाला लागतें.

घर मोठें होतें. त्या काळच्या रीतीप्रमाणें एकाहून अधिक बायका, आणि सहा पुत्र: सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी. बापाचा दर्यावरचा धंदा मुलांनींही उचलला. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले. वडील पुत्र सेखोजी सरखेल झाले व ते होते तोंवर घर सांवरून राहिलें. १७३३ सालीं सेखोजी गेले आणि संभाजी व मानाजी यांच्यांत वितुष्ट आलें. याकोबाच्या घरांतील भावांचा मत्सर आपणांस ठाऊक आहे. पण तेथें अखेरीस योसेफानें भावांना गळ्याशीं धरलें. येथें मानाजींनीं पोर्तुगीजांचें साहाय्य घेऊन कुलाबा बळकाविला व तेथील रखवालीवर असलेल्या येसाजीचे, आपल्या भावाचे, डोळे काढविले. ज्यांच्या तोफा बापानें परतविल्या, त्यांनाच पुत्रानें घरांत घेतलें!

१७३५ सालीं बाजीरावांनीं वांटणी करून दिली: कुलाबा मानाजींस, विजयदुर्ग संभाजींस. संभाजींच्या मागून विजयदुर्ग तुळाजींकडे आला. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशवे व इंग्रज यांनीं मिळून त्यावर हल्ला केला. बंदरांत उभें असलेलें आंग्र्यांचें आरमार एका दिवसांत जळून गेलें, आणि तुळाजी मरेपर्यंत कैदेंत राहिले. कान्होजींची समाधि अलिबागेस आहे.