निवृत्ती नेमकी कशातून? ह्युएन त्संग यांची अखेरची एकोणीस वर्षे

ह्युएन त्संग हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. नालंदेत शिकलेला चिनी भिक्खू, सम्राट हर्षवर्धनाचा पाहुणा, प्रवासवर्णनाचा लेखक. इ.स. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रातही आले होते. चालुक्य राजा पुलकेशीच्या या राज्यात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्यांनी केली. डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराचे वर्णन त्यांनी केले, तो अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात.

आपले पाठ्यपुस्तक इथेच थांबते. पण ह्युएन त्संग यांचे खरे मोठे काम मायदेशी परतल्यावर सुरू झाले. ६४५ ते ६६४ ही एकोणीस वर्षे त्यांनी भारतातून नेलेले ग्रंथ चिनी भाषेत आणण्यात घालवली. वय वाढत होते, तब्येत साथ देत नव्हती आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत होता. आता थांबावे की काम करीत राहावे? आज आपल्या समाजात शिकून नोकरीला लागलेली पिढी मोठ्या संख्येने निवृत्त होत आहे. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी घरी यावे लागते आणि पुढे वीसेक वर्षे हाताशी असतात. म्हणून ह्युएन त्संग यांच्या या वर्षांकडे आपण मुद्दाम पाहायला हवे.

सुरुवात नालंदेतून करू. तिथे त्यांचे गुरू होते आचार्य शीलभद्र. ह्युएन त्संग पोहोचले तेव्हा शीलभद्रांचे वय १०६ होते असे त्यांच्या चरित्रात म्हटले आहे. वय थोडे इकडे-तिकडे असेल, पण ते अतिवृद्ध होते यात शंका नाही. सांधेदुखीने ते इतके त्रस्त झाले होते, की अन्न सोडून देह ठेवावा असा विचार त्यांच्या मनात आला होता. मग त्यांना एक स्वप्न पडले. चीनहून एक भिक्खू शिकायला येणार आहे, त्याला शिकवायचे आहे, तोवर थांबावे, असा त्या स्वप्नाचा आशय होता, असे चरित्रकार सांगतो. स्वप्न खरे मानायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पुढे घडलेली गोष्ट स्पष्ट आहे. त्या वृद्ध आचार्यांनी योगाचारभूमी हा प्रचंड ग्रंथ ह्युएन त्संग यांना पंधरा महिने बसून शिकवला.

हे उदाहरण डोळ्यांसमोर घेऊनच ह्युएन त्संग ६४५ साली चांगआनला, म्हणजे आजच्या शिआन शहरात परतले. वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ त्यांच्याबरोबर होते. त्या वेळी त्यांची चाळिशी उलटली होती. सम्राट ताइझोंग यांनी त्यांना लुओयांगला बोलावून घेतले. इतके देश पाहिलेला, इतक्या राजांना भेटलेला माणूस कोणत्याही राज्यकर्त्याला हवाच असतो. सम्राटांनी त्यांना चीवर उतरवून दरबारात पद स्वीकारण्याचा आग्रह केला. ह्युएन त्संग यांनी नम्रपणे नकार दिला. शाओलिन विहारात शांतपणे भाषांतर करू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. सम्राटांना ते राजधानीतच हवे होते. मात्र चांगआनच्या होंगफू विहारात कामाची सोय करून देण्यात आली.

तिथे त्यांनी भाषांतराचे एक कार्यालयच उभे केले. अर्थ तपासायला बारा विद्वान भिक्खू, भाषा घडवायला नऊ, शिवाय संस्कृत पडताळणारे, लिहून घेणारे वेगळे. सम्राटाच्या इच्छेखातर त्यांनी ६४६ साली प्रवासवर्णन पूर्ण केले. ६४८ साली शीलभद्रांकडून शिकलेल्या योगाचारभूमीचे शंभर खंड चिनी भाषेत तयार झाले. पुढे ते त्सि-एन विहारात राहायला गेले. तिथे ग्रंथ आणि मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ साली त्यांच्या पुढाकाराने जो स्तूप उभा राहिला, तो अनेकदा दुरुस्त होऊन शिआनमध्ये आजही आहे.

त्यांचा दिनक्रम चरित्रात दिला आहे. आज किती काम करायचे हे सकाळीच ठरलेले असे. दिवसा अडथळे आले तर रात्री जागून तेवढे पूर्ण करीत. पहाटेपूर्वी उठून मूळ संस्कृत पाने वाचत आणि त्या दिवसाच्या भागावर लाल शाईने खुणा करीत. संध्याकाळी प्रवचन आणि शिष्यांचे प्रश्न. त्यात विहाराचा कारभार आणि दरबारातून येणारी बोलावणी वेगळी.

हे सारे शरीराला महाग पडत होते. बर्फाळ पर्वत ओलांडताना जडलेले दुखणे ६५६ साली पुन्हा उसळले आणि राजवैद्यांना धावून यावे लागले. पुढच्या वर्षी नवे सम्राट गाओझोंग यांच्याबरोबर ते लुओयांगला गेले. त्यांचे जन्मगाव तिथून जवळच होते. अनेक वर्षांनी गावी गेले तर जवळचे असे कोणी उरले नव्हते. फक्त एक वृद्ध बहीण भेटली. तिच्याबरोबर ते आईवडिलांच्या दफनभूमीवर गेले, पडझड झालेली जागा पाहिली आणि अस्थी चांगल्या ठिकाणी नेऊन पुन्हा विधिपूर्वक पुरल्या.

त्याच वर्षी त्यांनी सम्राटाकडे अर्ज केला, की मला आता शाओलिनला जाऊ द्यावे. दरबार, समारंभ, भेटीगाठी यांतून मोकळे होऊन ध्यान आणि भाषांतर यांना उरलेला वेळ द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. अर्ज नामंजूर झाला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी कामातून सुटका मागितली नव्हती. कामाभोवती जमलेल्या गर्दीतून सुटका मागितली होती.

दोन वर्षांनी वाट निघाली. राजधानीच्या उत्तरेला डोंगरात युहुआ नावाचा जुना राजवाडा होता, त्याचे विहारात रूपांतर झाले होते. ६५९ च्या अखेरीस ह्युएन त्संग तिथे गेले आणि ६६० च्या पहिल्याच दिवशी त्यांनी महाप्रज्ञापारमिता सूत्राचे भाषांतर सुरू केले. मूळ ग्रंथ दोन लाख श्लोकांएवढा. शिष्यांनी सुचवले, की पूर्वीच्या भाषांतरकारांप्रमाणे पुनरुक्ती गाळून तो संक्षिप्त करावा. तेही क्षणभर तयार झाले होते. पण मन स्वस्थ राहिना, रात्री भयंकर स्वप्ने पडू लागली. शेवटी एकही भाग न गाळण्याचे ठरले. भारतातून आणलेल्या तीन प्रती शेजारी ठेवून, शंकेच्या जागी तिन्ही ताडून काम चालले. आपला देह याच विहारात पडणार, ग्रंथ फार मोठा आहे, तो अपुरा राहू नये म्हणून सर्वांनी झटावे, असे ते सहकाऱ्यांना सांगत. ६६३ च्या दहाव्या महिन्यात सहाशे खंडांचे ते भाषांतर पूर्ण झाले.

आणि मग त्यांनी जो निर्णय घेतला, तो आपल्याला सर्वांत कठीण जातो.

६६४ च्या आरंभी सहकारी भिक्खूंनी विनंती केली, की आता रत्नकूट हाती घ्यावे. त्यांनी मन राखण्यासाठी काही ओळी भाषांतरित केल्या आणि पोथी मिटली. हा ग्रंथही आधीच्या एवढाच मोठा आहे आणि माझी शक्ती आता तेवढी उरलेली नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. भारतातून आणलेल्या ६५७ ग्रंथांपैकी सुमारे ७५ पूर्ण झाले होते. पाचशेहून अधिक बाकी होते. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्यानंतर जवळच्या दरीतील बुद्धमूर्तींना वंदन करून ते परतले. पुढे थोड्याच दिवसांत एक लहानसा ओढा ओलांडताना पडून त्यांच्या पायाला इजा झाली आणि ते अंथरुणाला खिळले. शिष्याकडून त्यांनी पूर्ण झालेल्या कामाची यादी करवून घेतली. ती १३३५ खंडांची भरली. आपला अंत्यविधी साधा करावा, चटईत गुंडाळून दूर एकांतात न्यावे, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या महिन्यात त्यांचे निधन झाले.

मिटलेल्या त्या पोथीचे पुढे काय झाले? दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिरुची या भिक्खूने जुनी भाषांतरे आणि नवी यांची जोड घालून रत्नकूटाचा ४९ सूत्रांचा संग्रह ७१३ साली पूर्ण केला. ह्युएन त्संग यांची विचारपरंपरा क्वेइजी या त्यांच्या शिष्याने चीनमध्ये रुजवली. दोशो या शिष्याने ती जपानला नेली. काम थांबले नाही, कारण ते पुढे नेणारी माणसे तयार होती.

आपल्याकडे यातल्या गोष्टी नेमक्या उलट्या होताना दिसतात. साठी-सत्तरी उलटली तरी विहार समितीचे, संस्थेचे, संघटनेचे पद सुटत नाही. तरुण ताटकळत बसतात आणि कंटाळून निघून जातात. दुसरीकडे, ज्यांच्याकडे कायद्याचे, हिशेबाचे, अध्यापनाचे तीस-पस्तीस वर्षांचे ज्ञान आहे, अशी कितीतरी माणसे निवृत्तीनंतर आपले काम संपले असे समजून घरात बसून राहतात. ह्युएन त्संग यांनी पद ऐन उमेदीत नाकारले आणि काम मात्र अंगात बळ असेपर्यंत सोडले नाही. बाबासाहेबांनीही प्रकृती पूर्ण ढासळलेली असताना बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहून पुरा केला. तो प्रसिद्ध झाला १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

प्रत्येकाला हे जमेलच असे नाही. ज्यांनी आयुष्यभर अंगमेहनत केली, त्यांना विश्रांतीचा पूर्ण हक्क आहे आणि तो त्यांना मिळाला पाहिजे. पण ज्यांच्या हाताशी पेन्शन आहे आणि प्रकृतीही धड आहे, त्यांनी निवृत्तीच्या दिवशी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. माझ्याजवळचे कोणते ज्ञान मी दिले नाही तर ते माझ्याबरोबरच जाईल? आणि ते घेणारी तरुण माणसे माझ्या शेजारी बसलेली आहेत का? नसतील, तर आपल्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी दोन मुले घेऊन बसण्यापासून सुरुवात करता येईल. शीलभद्रांनीही एका विद्यार्थ्यासाठीच थांबायचे ठरवले होते.

नमो बुद्धाय, जय भीम!