सर्व्हरवर डेटा हळू येतोय? रिचर्ड स्टीव्हन्स यांची गोष्ट वाचा

आज एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. तो जाऊन पाव शतक उलटलं, पण मागच्या हंगामात त्याने मला यवतमाळमध्ये मोठ्या अडचणीतून सोडवलं. कसं, ते आधी सांगतो.

एका जिनिंगचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. कापसाची आवक ऐन भरात असताना शनिवारी दुपारी त्याची हार्ड डिस्क गेली. नवी डिस्क बसवली, सिस्टिम चढवली, नेहमीच्या सवयीने माझी जुनी सेटिंगची फाइल तिच्यावर टाकली आणि बॅकअप परत आणायला लावला. बॅकअप अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्ये, आकार ४० जीबी. लाइन १०० एमबीपीएसची. म्हणजे तासाभराचं काम.

प्रत्यक्षात वेग मिळत होता सेकंदाला साधारण २६० केबी. या हिशेबाने पावणेदोन दिवस लागणार होते. सोमवारी सकाळी शेतकरी चुकाऱ्यासाठी येणार आणि सगळ्या काटापावत्यांच्या नोंदी त्या बॅकअपमध्ये. नोंद नाही तर चुकारा नाही. पेरणीपासून उधारीवर चाललेल्या माणसाला दोन दिवसांनी या असं सांगणं सोपं नसतं.

गंमत म्हणजे सर्व्हरवरून बाहेर जाणारा डेटा झकास जात होता. फक्त आत येणारा रखडत होता. मी केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, इंटरनेटवाल्याला तीन फोन केले. रात्री दहाला कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढलं. कॉलेजात असताना नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेलं टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड, पहिला खंड. लेखक डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स.

खाणीच्या गावातला मुलगा

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९५१ चा. गाव लुआन्शा, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात. वडील तांब्याच्या उद्योगात होते. आपल्या वणीला जसा कोळसा, तसं तिथे तांबं. वडिलांच्या नोकरीमुळे घराची सतत फिरती: सॉल्ट लेक सिटी, न्यू मेक्सिकोतलं हर्ली, वॉशिंग्टन, दक्षिण आफ्रिकेतलं फालाबोर्वा. शाळा झाली व्हर्जिनियातल्या एका लष्करी शाळेत.

त्यांची पहिली पदवी कॉम्प्युटरची नव्हती. १९७३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून ते एरोस्पेस इंजिनिअर झाले. विमान चालवायचे, काही काळ शिकवायचेही. पुढे ॲरिझोना विद्यापीठातून सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये १९७८ ला मास्टर्स आणि १९८२ ला पीएचडी केली. या काळात ते टूसॉनला राहत आणि किट पीक या राष्ट्रीय वेधशाळेत प्रोग्रामर म्हणून काम करत.

१९८२ ते १९९० ते कनेक्टिकट राज्यात न्यू हेवनला एका आरोग्यसेवा कंपनीत संगणक विभागाचे उपाध्यक्ष होते. नोकरी करतानाच त्यांनी युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग हे पुस्तक लिहिलं. ते १९९० मध्ये आलं. त्याच वर्षी ते टूसॉनला परतले आणि लेखन व सल्लागारी हाच पूर्णवेळ व्यवसाय केला.

सांगू नका, दाखवा

पुढच्या नऊ वर्षांतलं काम बघून छाती दडपते. १९९२ मध्ये ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्नमेंट. मग टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेडचे तीन खंड: १९९४, १९९५ आणि १९९६. यातला दुसरा खंड गॅरी राइट यांच्यासोबत. त्यात बीएसडी युनिक्सच्या नेटवर्किंगचा सुमारे १५,००० ओळींचा खरा कोड समजावून दिला आहे. पानांची मांडणीसुद्धा ते ट्रॉफ नावाच्या युनिक्सच्या जुन्या साधनावर स्वतःच करत.

पण माझ्यासाठी महत्त्वाची त्यांची पद्धत. टीसीपीचे नियम आरएफसी नावाच्या कागदपत्रांत आधीच लिहिलेले होते. ते सोप्या भाषेत पुन्हा लिहून स्टीव्हन्स थांबले नाहीत. त्यांनी खरी मशिन्स जोडली. पुस्तकाच्या आतल्या पानावर त्या नेटवर्कचा नकाशाच आहे: सन, बीएसडीआय, स्लिप, एसव्हीआर४ अशी मशिन्सची नावं. सॉक नावाचा एक छोटा प्रोग्राम त्यांनी लिहिला, तो वेगवेगळ्या पद्धतीने चालवला आणि टीसीपीडंप लावून तारेवरून नेमकं काय जातंय ते पकडलं. पुस्तकात पानोपानी तेच आहे. कुठलं पॅकेट कधी निघालं, उत्तर कधी आलं. अंदाज नाही, पुरावा.

माझी रात्री दहापर्यंतची सगळी धावपळ अंदाजावर चालली होती.

आवारात जागा किती?

विसाव्या प्रकरणात मोठ्या फायली टीसीपीवरून कशा जातात ते आहे. आपल्या भाषेत सांगतो.

जिनिंगच्या आवारात जागा असेल तेवढ्याच गाड्या गावाहून सुटतात. आवार रिकामं झालं की निरोप जातो, मग पुढच्या निघतात. गाव जवळ असेल तर आवार छोटं असून भागतं. गाव लांब असेल तर निरोप पोचेपर्यंत मोठा चौपदरी रस्ता नुसता मोकळा पडून राहतो. टीसीपीत या जागेला रिसीव्ह विंडो म्हणतात. ती किती आहे हे डेटा घेणारी बाजू दर उत्तरात कळवते.

म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त एक विंडोभर डेटा. माझ्या सर्व्हरपासून अमेरिकेतल्या मशिनपर्यंतची फेरी पिंग २५० मिलिसेकंद दाखवत होता. १०० एमबीपीएसची लाइन भरायची तर १० कोटी बिट गुणिले ०.२५ भागिले ८, म्हणजे सुमारे ३१ लाख बाइट एका वेळी वाटेत हवेत. आता उलटा हिशेब करा. सेकंदाला २६० केबी म्हणजे पाव सेकंदात ६५ केबी. माझं आवार फक्त ६५ केबीचं होतं!

टीसीपीडंप लावला आणि दिसलंच. पलीकडून पॅकेटांची एक रांग यायची, मग शांतता. माझ्या प्रत्येक उत्तरात विंडो ६५ हजारांच्या आसपास अडकलेली. पॅकेट हरवत नव्हतं, परत पाठवावं लागत नव्हतं. लाइन ठीक, केबल ठीक, इंटरनेटवाला निर्दोष.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोष होता माझ्याच सेटिंगच्या फाइलमध्ये. कधीकाळी ५१२ एमबी रॅमच्या मशिनसाठी मी टीसीपी आरमेम ही सेटिंग आवळून कमाल १,३१,०७२ बाइट केली होती. त्यातली साधारण निम्मी जागा विंडोला मिळते, म्हणून ६५ हजार. तीच फाइल वर्षानुवर्षं कॉपी होत आली. तालुक्यांहून येणाऱ्या छोट्या फायलींची फेरी लहान, त्यामुळे ते कधी जाणवलं नाही. बॅकअप बाहेर जाताना पलीकडच्या मशिनचं आवार मोठं, म्हणून तिथेही अडलं नाही.

ती ओळ काढली. लिनक्सची मूळ कमाल मर्यादा साधारण ६० लाख बाइटची आहे. नवं कनेक्शन उघडलं आणि उरलेल्या फायली सव्वा तासात उतरल्या. सोमवारी चुकारे वेळेवर झाले.

अपुरा राहिलेला खंड

स्टीव्हन्स यांनी आणखी एक काम केलं. इंटरनेट गर्दीने कोलमडू नये म्हणून व्हॅन जेकबसन यांनी शोधलेल्या युक्त्या, स्लो स्टार्ट वगैरे, त्यांनी १९९७ च्या आरएफसी २००१ मध्ये नीट लिहून काढल्या. १९९९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आरएफसी २५८१ आली. तिच्या तीन लेखकांत ते होते.

दरम्यान युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग ते नव्याने लिहीत होते. दोन खंड पूर्ण झाले, तिसरा राहून गेला. १ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. मागे पत्नी आणि तीन मुलं. २००० मध्ये युझनिक्स संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. त्यांची पुस्तकं पुढे इतरांनी अद्ययावत केली, पण मुखपृष्ठावर त्यांचं नाव आजही आहे.

तुमच्याकडे असं झालं तर

१. आधी आयपर्फने दोन्ही दिशांचा वेग वेगवेगळा मोजा. जवळच्या मशिनवरून एकदा, लांबच्या मशिनवरून एकदा.

२. जवळूनही हळू असेल तर ईथटूलने नेटवर्क कार्डाचा वेग, डुप्लेक्स आणि एरर बघा.

३. एसएस कमांडमध्ये रिसीव्ह क्यू सतत भरलेली दिसली तर प्रोग्राम किंवा डिस्क मागे पडतेय. नेटवर्कला दोष देऊ नका.

४. फक्त लांबूनच हळू असेल तर फेरीची वेळ गुणिले मिळणारा वेग करा. उत्तर ६५ हजार बाइटच्या आसपास आलं तर विंडोवर संशय घ्या. प्रोग्रामने स्वतः रिसीव्ह बफर ठरवून दिला असेल तरी लिनक्स विंडो आपोआप वाढवत नाही.

५. पॅकेट हरवत असतील, तर मात्र खुशाल इंटरनेटवाल्याला फोन करा.

आता जुन्या सेटिंगच्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीसमोर ती का टाकली आणि कधी टाकली, ते मी लिहून ठेवतो. आणि ते पुस्तक कपाटातून काढून सर्व्हरशेजारी ठेवलंय.