अंध गणिती ऑयलर

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १५ एप्रिल १७०७ रोजी लिओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग पत्करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्याचे चित्त गणितात रमे. योहान बर्नुली या विख्यात गणितज्ञाने त्याची बुद्धी पारखली आणि वडिलांचे मन वळविले. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाला.

१७३८ च्या सुमारास त्याचा उजवा डोळा निकामी झाला. मध्यंतरी पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ मध्ये तो पीटर्सबर्गला परतला, तोच डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये त्याच्या घराला आग लागली. एका धाडसी माणसाने त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढले. त्याच वर्षी डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. थोडे दिवस दिसू लागले; पण जखम चिघळली आणि पुन्हा अंधार पसरला.

तरीही ऑयलर खचला नाही. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. तो मनातल्या मनात आकडेमोड करी व तोंडाने सांगे. मुलगा आणि शिष्य ते लिहून घेत.

याच काळात, १७७२ मध्ये, त्याने आपल्या गुरूच्या नातवाला एका संख्येविषयी कळविले. २ हा अंक ३१ वेळा मांडून गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे मर्सेन या फ्रेंच पंडिताने १६४४ मध्ये म्हटले होते. पण सिद्ध केले नव्हते. अशा बाबतीत नुसता तर्क फसतो. २ हा ११ वेळा घेऊन १ वजा केल्यास २०४७ येतात. ती संख्या मूळ भासते, परंतु २३ गुणिले ८९ म्हणजेच २०४७!

४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरेसे होते. पण त्याही चार हजारांहून अधिक! ऑयलरने दाखविले, की या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. त्यामुळे शंभराहूनही कमी संख्या तपासावयाच्या राहिल्या. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली! पुढे कित्येक दशके तीच ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलरचे निधन झाले. त्या दिवशीही तो युरेनस या नव्याने सापडलेल्या ग्रहाच्या कक्षेविषयी चर्चा करीत होता. डोळ्यांपुढे अंधार असताही त्याच्या बुद्धीचा दीप अखेरपर्यंत तेवत राहिला.