ब्लड रिपोर्टमधल्या इओसिनोफिलला नाव देणाऱ्या डॉक्टरचा वाद आज जीन्सच्या डेटात सुटतोय

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण आधी हिमोग्लोबिन बघतात, मग प्लेटलेट्स. मधल्या न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल वगैरे ओळी तशाच राहून जातात. पण या अवघड नावांमागे साधी गोष्ट आहे. कुठल्या पेशीला कुठला रंग चढतो, त्यावरून ही नावं पडली. इओसिन नावाचा लालसर रंग शोषते ती इओसिनोफिल.

हा रंगांचा खेळ मांडला पॉल एर्लिख यांनी.

१४ मार्च १८५४ ला श्ट्रेलेन गावात एका ज्यू कुटुंबात पॉलचा जन्म झाला. गाव तेव्हा प्रशियात होतं, आता पोलंडमध्ये आहे. आईच्या नात्यातला कार्ल वायगर्ट पॅथॉलॉजिस्ट होता आणि कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग तो मायक्रोस्कोपखालच्या पेशींवर वापरून बघायचा. पॉलला नाद लागला तो तिथून. मेडिकलला गेल्यावरही पठ्ठ्या रंगांच्या बाटल्यांमध्येच रमलेला असायचा. १८७८ साली लाइपझिगला डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला, तोही पेशी रंगवण्यावरच.

पुढे बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. तिथे एर्लिख यांनी रक्ताचे थेंब काचेवर पसरून वाळवले आणि त्यावर आम्लधर्मी, अल्कधर्मी आणि उदासीन असे तीन प्रकारचे रंग लावले. तोवर एकसारख्या वाटणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या निघाल्या. रोगाशी लढणाऱ्या पेशींची पहिली नीट वर्गवारी झाली ती अशी.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. तो जंतू रंगवायची जास्त चांगली पद्धत एर्लिख यांनी लगेच तयार केली. नियती बघा, काही वर्षांनी त्यांच्या स्वतःच्याच थुंकीत टीबीचे जंतू सापडले. ते इजिप्तच्या कोरड्या हवेत जाऊन राहिले आणि बरे होऊन परतले. सिगार मात्र सुटली नाही. दिवसाला पंचवीसेक ओढायचे म्हणतात.

पण या सगळ्या पेशी येतात कुठून? एर्लिख यांचं म्हणणं होतं की लिम्फोसाइट्सचं कूळ वेगळं आणि अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या दाणेदार पेशींचं कूळ वेगळं. १९०९ साली रशियाच्या अलेक्झांडर मॅक्सिमोव्ह यांनी त्यांच्याच बर्लिनमध्ये येऊन उलट मांडलं, की सगळ्यांची आई एकच पेशी आहे. ही आई पेशी म्हणजेच आजच्या भाषेत स्टेम सेल. वाद बरीच वर्षं चालला. १९६१ नंतर टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी पारडं मॅक्सिमोव्ह यांच्या बाजूला झुकवलं. एर्लिख इथे चुकले होते. त्यांचं हत्यारच तोकडं होतं. रंग पेशी आत्ता कशी आहे ते दाखवतो, ती कुठून आली ते सांगत नाही.

आज तेच काम जीन एक्स्प्रेशनवरून होतं. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींमध्ये डीएनए सारखाच असतो, पण कुठले जीन चालू आणि कुठले बंद, हे पेशीगणिक बदलतं. हजारो जीन्सची ही चालू-बंदची यादी म्हणजे जणू हजारो रंग एकाच वेळी लावल्यासारखं. स्टेम सेलपासून इम्यून सेलपर्यंतच्या याद्या शेजारी ठेवल्या की मधला प्रवास दिसतो. तो कप्प्याकप्प्यांचा कमी आणि हळूहळू सरकणारा जास्त निघाला.

अडचण एकच. एका लॅबच्या याद्या दुसऱ्या लॅबच्या याद्यांना जोडायला गेलं की मशीनचा, केमिकलचा फरकसुद्धा पेशींचाच फरक वाटायला लागतो. म्हणून २००८ साली मांडलेल्या इम्युनॉलॉजिकल जीनोम प्रोजेक्टने उंदरांच्या पेशींसाठी सगळ्या लॅबना एकच ठरलेली पद्धत घालून दिली.

गंमत म्हणजे हीच डोकेदुखी एर्लिख यांनी शंभर वर्षांपूर्वी अनुभवली होती. घटसर्पावर सीरमचं औषध निघालं, पण प्रत्येक ठिकाणच्या बाटलीची ताकद वेगळी. मोजायला वापरायचं ते विष ठेवल्या ठेवल्या कमजोर व्हायचं, त्यामुळे मापच डळमळीत. पोरांचा जीव त्यावर अवलंबून होता. एर्लिख यांनी मग विषाऐवजी सीरमलाच माप केलं. ते वाळवलं, हवा काढलेल्या काचेच्या नळीत सीलबंद केलं आणि १८९७ साली त्यावरून प्रमाण ठरवून दिलं. आता कुठल्याही लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघता येऊ लागला.

१९०८ चं नोबेल त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासोबत विभागून मिळालं. एकाचा भर रक्तातल्या अँटिबॉडीवर, दुसऱ्याचा जंतू गिळणाऱ्या पेशींवर. दोघांच्या गटांचं फारसं पटत नव्हतं, हे विशेष. सिफिलिसवरचं गाजलेलं औषध ६०६ त्यानंतर, १९१० मध्ये बाजारात आलं.

२० ऑगस्ट १९१५ ला एर्लिख गेले. नाझींच्या काळात फ्रँकफर्टमधल्या रस्त्यावरचं त्यांचं नाव काढलं गेलं, युद्धानंतर ते परत लागलं. जर्मनीत लसी तपासणारी सरकारी संस्था आज त्यांच्याच नावाने आहे. एप्रिल २०२० मध्ये बायोएनटेकच्या कोरोना लसीच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीला परवानगी दिली ती याच पॉल एर्लिख इन्स्टिट्यूटने.